बिटकॉइन, इथर, टेथर की ई-रुपया? पैसे घालण्याआधी सही कोणाची ते बघा

जुलैमध्ये रिटर्न भरून घ्यायला माझ्याकडे लोक येतात. कागद तपासून झाले, चहा आला, की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: “मॅडम, डिजिटल करन्सीत थोडे पैसे टाकू का?”

विचारणारा बहुधा तिशीच्या आसपासचा असतो. हाताशी लाख-दीड लाख साठलेले असतात आणि ऑफिसमधल्या कोणीतरी बिटकॉइनमध्ये चांगले पैसे केलेले असतात. “म्हणजे नेमकं काय घ्यायचंय?” असं मी उलट विचारते. तेव्हा कळतं की बिटकॉइन, इथर, ‘डॉलरचं नाणं’ म्हणून विकलं जाणारं टेथर आणि रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया हे सगळं त्याच्या मनात एकाच कप्प्यात पडलेलं आहे. काही जण तर यूपीआयही त्यातच धरतात. फोनवर सगळे आकडेच दिसतात, त्यामुळे असं होणं साहजिक आहे.

खिशातली शंभराची नोट काढून बघा. धारकाला शंभर रुपये देण्याचं वचन तिच्यावर छापलेलं असतं आणि खाली गव्हर्नरची सही असते. ती सही असते म्हणून भाजीवाली तुमची ओळख न विचारता नोट घेते. डिजिटल चलनाचं पारखताना मी हेच विचारते: या वचनाखाली सही कोणाची आहे? आणि उद्या काही बिघडलं, तर त्या सहीवाल्याच्या दारात जाऊन उभं राहता येईल का? भावाचे आलेख मी त्यानंतर बघते.

यूपीआय: हा रस्ता आहे, चलन नव्हे

हे आधी बाजूला काढू. यूपीआय २०१६ साली आलं, नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने आणलं. त्यावरून धावतात ते तुमच्या बँक खात्यातले पैसे. खात्यातले पैसे म्हणजे बँकेने तुमचं देणं लागणं, आणि ती सही तुमच्या बँकेची. बँक धडधाकट आहे तोवर हा फरक जाणवतही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा मुंबई-ठाण्यातल्या हजारो घरांना तो एका दिवसात कळला. सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. ठेवींवरचं विमा संरक्षण तेव्हा १ लाखाचं होतं, फेब्रुवारी २०२० पासून ते ५ लाखांचं झालं. म्हणजे बँकेच्या पैशाला दार आहे आणि त्या दारामागे विमाही आहे, मर्यादेपर्यंत.

ई-रुपया: नोटच, पण फोनमध्ये

ई-रुपयाखाली सही थेट रिझर्व्ह बँकेची. २०२२ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली, रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती करून ‘नोट’ या शब्दात डिजिटल रूपही बसवलं गेलं आणि १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबई, दिल्ली, बेंगळुरू आणि भुवनेश्वर या शहरांत लोकांसाठी प्रयोग सुरू झाला. पहिल्या चार बँका होत्या स्टेट बँक, आयसीआयसीआय, येस आणि आयडीएफसी फर्स्ट. अॅप बँकेचं असतं, पण आतला पैसा बँकेचं देणं नसतो, रिझर्व्ह बँकेचं असतो.

सुरुवातीच्या दिवसांतला एक प्रसंग मला फार आवडतो. जानेवारी २०२३ मध्ये आनंद महिंद्रा रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळाच्या बैठकीला गेले होते. तिथे त्यांना ई-रुपयाची माहिती मिळाली आणि बैठक संपल्यावर ते जवळच्याच एका फळवाल्याकडे गेले. ई-रुपया घेणाऱ्या अगदी पहिल्या विक्रेत्यांपैकी तो एक. त्यांनी त्याच्याकडून डाळिंबं घेतली आणि पैसे ई-रुपयात दिले. मोठ्या धोरणाची परीक्षा अशी डाळिंबाच्या पाटीपाशीच व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

वापरायला तो यूपीआयसारखाच आहे. खात्यातून ठरावीक रक्कम वॉलेटमध्ये भरायची, मग २०२३ पासून नेहमीच्या यूपीआयच्या क्यूआर कोडवरही देता येते. फरक तीन ठिकाणी पडतो. एक, वॉलेटमधल्या रकमेवर व्याज मिळत नाही, जसं पर्समधल्या नोटेवर मिळत नाही. दोन, पैसे वॉलेटमधून वॉलेटमध्ये जातात, त्यामुळे कोथिंबिरीचे दहा आणि रिक्षाचे तीस रुपये बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ओळीने उतरत नाहीत. लहान व्यवहारांना थोडीफार गुप्तता असावी, हे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२२ च्या आपल्या संकल्पना टिपणातच म्हटलं होतं. अर्थात केवायसी झालेलं असतं, तेव्हा नोटेइतकं हे अनोळखी नाही. आणि तीन, फोन हरवला तर वॉलेट बँकेमार्फत परत मिळवता येतं. पुढे बिटकॉइनचं वाचताना हा तिसरा मुद्दा लक्षात ठेवा.

प्रसार मात्र सावकाश चाललाय. मार्च २०२४ अखेर २३४ कोटींचे ई-रुपये चलनात होते, मार्च २०२५ मध्ये १,०१६ कोटींचे. आपल्या देशातल्या नोटांपुढे हा थेंबही नाही. कारण उघड आहे: यूपीआय फुकट आहे आणि छान चालतं. लोकांनी दुसरं का घ्यावं, याचं ठसठशीत उत्तर अजून फक्त काही ठिकाणीच मिळतं. नेटवर्क नसताना देता येणारा ई-रुपया हे त्यातलं सगळ्यात पटणारं. सह्याद्रीच्या घाटातल्या गावात राहणाऱ्याला त्याची किंमत सांगावी लागत नाही.

गुंतवणूक म्हणून ई-रुपया विचारणाऱ्याला मी दोन वाक्यांत परत पाठवते. शंभरचे शंभरच राहणार, वाढणार नाहीत. ती खर्चाची सोय आहे.

बिटकॉइन: सही करणारा उठून निघून गेला

इथे जरा थांबायला हवं, कारण ही कथा लोक अर्धवट ऐकून येतात.

बिटकॉइनच्या पंचवीस वर्षं आधी डेव्हिड चॉम नावाच्या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाला एक प्रश्न पडला होता. बँकेने डिजिटल नोट खरी म्हणून सही करावी, पण ती नोट पुढे कुठे खर्च झाली हे बँकेला कळू नये, हे जमेल का? त्याची कल्पना समजायला सोपी आहे. कागद पाकिटात घालायचा, आत कार्बन पेपर ठेवायचा. बँक बाहेरून पाकिटावर सही करते, ती आतल्या कागदावर उमटते. कागदावर काय आहे ते बँकेने पाहिलेलंच नसतं. गणितात हेच त्याने करून दाखवलं आणि त्याला ‘आंधळी सही’ म्हटलं. १९८९ मध्ये अॅमस्टरडॅमला डिजिकॅश नावाची कंपनी काढली. तंत्र पक्कं होतं, पण एकच नोट कोणी दोनदा खर्च करत नाही ना, हे तपासायला मध्ये कोणीतरी बसावंच लागायचं. १९९८ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं आणि तिच्याबरोबर तिचं चलनही संपलं.

नव्वदच्या दशकात अनेकांनी हा मधला माणूस काढून टाकायचा प्रयत्न केला. अॅडम बॅकने कचरा ईमेल रोखण्यासाठी ‘हॅशकॅश’ काढलं: प्रत्येक पत्रामागे संगणकाने थोडी मेहनत केल्याचा पुरावा द्यायचा. वेई दाय आणि निक साबो यांनी अशा मेहनतीवर उभ्या चलनाचे आराखडे मांडले. हे सगळे धागे एकत्र विणले ते सातोशी नाकामोतो या नावाने लिहिणाऱ्या कोणीतरी. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी नऊ पानांचा आराखडा प्रसिद्ध झाला. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंद ठेवणाऱ्या हिशेबवहीचं पहिलं पान तयार झालं आणि त्यात त्या दिवशीच्या लंडनच्या ‘टाइम्स’चा मथळा कोरला गेला. तो ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांनी बँकांना दुसऱ्यांदा वाचवण्याबद्दल होता. बँका बुडत होत्या आणि लोकांच्या पैशाने तारल्या जात होत्या, तो काळ. १२ जानेवारीला पहिली १० बिटकॉइन गेली ती हॅल फिनीला. हा कॅलिफोर्नियातला अनुभवी प्रोग्रॅमर, अशाच चलनावर आधीपासून काम करणारा. त्याच वर्षी त्याला स्नायू निकामी करत जाणारा असाध्य आजार जडल्याचं निदान झालं. पुढे शरीर लुळं पडलं तरी तो प्रोग्रॅम लिहीत राहिला. ऑगस्ट २०१४ मध्ये तो गेला.

सातोशी २०११ मध्येच बाजूला झाला होता. काम गॅव्हिन अँड्रेसन आणि इतर प्रोग्रॅमरांकडे आलं. सातोशीच्या नावावर सुमारे १० लाख बिटकॉइन असावीत असा अंदाज आहे, पण ती जागची हललेली नाहीत. ‘मीच सातोशी’ असा दावा करणाऱ्या क्रेग राइटला लंडनच्या उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये स्वच्छ शब्दांत सांगितलं की तुम्ही सातोशी नाही.

मग सही कोणाची? कोणाचीच नाही, आणि रचनाच तशी आहे. वचन माणसाचं नसून नियमाचं आहे: एकूण २ कोटी १० लाख नाणी, त्यापुढे एकही नाही. सुरुवातीला दर दहा मिनिटांना ५० नवी नाणी निघत, दर चार वर्षांनी ही संख्या निम्मी होते, एप्रिल २०२४ पासून ती ३.१२५ वर आली आहे. जगभर हजारो संगणक एकच वही ठेवतात, त्यामुळे कोणा एकाला पान फाडता येत नाही. २०१७ मध्ये वहीचं पान केवढं असावं यावर मोठं भांडण झालं, एक गट फुटून ‘बिटकॉइन कॅश’ घेऊन वेगळा झाला, मूळ बिटकॉइन आपल्या नियमाने चालत राहिलं. सोळा-सतरा वर्षांत या नियमाने शब्द पाळलाय, हे मी मोकळेपणाने मान्य करते.

पण दाराचं काय? दार नाहीच. दोनेक वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. पती अचानक गेले होते. फिक्स डिपॉझिट, पीएफ, विम्याची पॉलिसी, सगळ्यांचे फॉर्म आम्ही दोन दुपारी बसून भरले. मग त्यांनी पतीची एक लहान डायरी पुढे केली. एका पानावर वर ‘वॉलेट’ लिहिलेलं, खाली इंग्रजीत एकाखाली एक सात शब्द, आणि त्याखाली पान फाटलेलं. बिटकॉइनचं खासगी वॉलेट उघडायला बहुधा बारा शब्द लागतात, नेमक्या क्रमाने. २,०४८ शब्दांच्या यादीतून उरलेले पाच शोधणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. आत किती होतं तेही कळलं नाही. मृत्यूचा दाखला घेऊन जायला इथे शाखा नाही, मॅनेजर नाही, नॉमिनी नाही. वेल्समधल्या न्यूपोर्ट शहरात एका संगणक अभियंत्याची हजारो बिटकॉइन असलेली हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. कचरा डेपो उकरू द्या म्हणून तो वर्षानुवर्षं पालिकेशी झगडला, जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने त्याचा दावा फेटाळला.

भावाबद्दल एवढंच बघा: नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९,००० डॉलर, वर्षभराने १६,००० च्याही खाली, डिसेंबर २०२४ मध्ये १ लाखाच्या वर. ज्याला मधल्या वर्षात घराचा हप्ता भरायला विकावं लागलं, त्याच्यासाठी नंतरच्या उसळीला अर्थ नव्हता.

इथर: इथे चेहरा दिसतो

बिटकॉइनमागचा माणूस दिसत नाही, पण इथर ज्या जाळ्यावर चालतं त्या इथेरियममागचा दिसतो. व्हितालिक बुतेरिन, जन्म १९९४, रशियातला, सहाव्या वर्षी आई-वडिलांबरोबर कॅनडाला गेलेला. एकोणिसाव्या वर्षी त्याने मांडलं की ही सामायिक वही नुसते पैसे मोजण्यापुरती का ठेवायची, तिच्यात अटी असलेले करारही लिहू या, जे अट पूर्ण होताच आपोआप अमलात येतील. ३० जुलै २०१५ ला जाळं सुरू झालं. इथर हे त्या जाळ्यावर काम करवून घेण्यासाठी भरायचं इंधन.

चेहरा असण्याचा फायदा-तोटा दोन्ही २०१६ मध्ये दिसले. ‘डीएओ’ नावाच्या सामूहिक निधीच्या करारात फट सापडली आणि चोराने सुमारे ३६ लाख इथर वळते केले. संस्थापक आणि बहुसंख्य सदस्यांनी ठरवून वहीच मागे फिरवली, पैसे मूळ मालकांना परत गेले. ज्यांना हे पटलं नाही, ते जुनी वही घेऊन ‘इथेरियम क्लासिक’ म्हणून वेगळे झाले. तेव्हा दार ठोठावल्यावर उघडलं होतं. पण जे दार एकदा उघडतं ते कोणासाठी आणि कधी, हा प्रश्नही त्याच दिवशी जन्माला आला. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांनी व्यवहार पडताळायची वीजखाऊ पद्धत सोडून नवी पद्धत आणली आणि विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त घटवला. चालत्या गाडीचं इंजिन बदलण्यासारखंच ते काम होतं, आणि ते नीट पार पडलं.

भारताशी या माणसाचा एक धागा आहे. मे २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत आपल्याकडे प्राणवायूसाठी धावाधाव चालली होती, तेव्हा त्याने संदीप नैलवाल यांनी सुरू केलेल्या कोविड मदत निधीला त्या दिवशीच्या भावाने सुमारे १ अब्ज डॉलर किमतीची नाणी दिली. नैलवाल हे मॅटिकच्या संस्थापकांपैकी एक. आज पॉलिगॉन नावाने ओळखलं जाणारं ते जाळं इथेरियमच्याच आधारावर आपल्या मुलांनी उभं केलेलं आहे.

तरीही ज्याला बिटकॉइन की इथर एवढंच ठरवायचंय, त्याला मी बिटकॉइन सांगते. इथरच्या संख्येला वरची मर्यादा नाही, नियम बदलत राहतात, आणि ते समजून घ्यायला वेळ द्यावा लागतो. तो वेळ तुम्ही देत असाल, त्या क्षेत्रात काम करत असाल, तर गोष्ट वेगळी.

टेथर: ‘डॉलरच आहे’ म्हणणारी कंपनी

टेथर २०१४ चं. एका नाण्यामागे एक डॉलर आमच्याकडे ठेवलेला आहे, असं कंपनी सांगते. म्हणजे इथे सही खासगी कंपनीची. ती किती पाळली गेली, याची नोंद अमेरिकेच्या वायदेबाजार नियामकाकडे आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी ४.१ कोटी डॉलरचा दंड लावला. तपासलेल्या २६ महिन्यांपैकी फक्त २७.६ टक्के दिवशी नाण्यांमागे पुरेसे डॉलर होते, असं त्यांना आढळलं होतं. टेथरचा भाव आज टिकून आहे, पण ही नोंद विसरून चालणार नाही.

बरं, जिथे हिशेब चोख तिथेही धक्का बसतो. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा सर्कल कंपनीच्या यूएसडीसी या टेथरसारख्याच नाण्याचे ३.३ अब्ज डॉलर तिच्यात अडकले होते. भाव ८८ सेंटपर्यंत घसरला, काही दिवसांत सावरला. आणि जिथे डॉलरच नव्हते, नुसतं दुसऱ्या नाण्याच्या आधारावर ‘एक डॉलर’ लिहिलं होतं, तिथे काय झालं ते टेरायूएसडीने मे २०२२ मध्ये दाखवलं. जगभरच्या लोकांचे अब्जावधी डॉलर एका आठवड्यात गेले. ते उभं करणाऱ्या दो क्वॉनने २०२५ मध्ये अमेरिकेच्या कोर्टात फसवणुकीचा गुन्हा कबूल केला.

आखातात काम करणारे आपले रत्नागिरी-रायगडकडचे लोक मला विचारतात, घरी पैसे पाठवायला टेथर स्वस्त पडतं का? मी ठाम नाही म्हणते. टेथर इथे रुपयांत बदलताना समोरून पैसे टाकणारा कोणी अनोळखी माणूस असतो. त्याचा पैसा सायबर फसवणुकीतला निघाला, तर पोलीस त्या साखळीतली सगळी खाती गोठवतात, आणि तुमच्या आईचं पेन्शन जमा होणारं खातंही त्यात येतं. वाचलेल्या दोन-तीनशे रुपयांसाठी तिला पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढायला लावू नका.

एक्सचेंज: ज्याची सही आपण वाचतच नाही

बहुतेक जण बिटकॉइन स्वतःजवळ ठेवत नाहीत, एक्सचेंजच्या, म्हणजे ही नाणी घेण्या-विकण्याचा बाजार चालवणाऱ्या कंपनीच्या, अॅपवर ठेवतात. म्हणजे सातोशीच्या गणितावर विश्वास टाकतोय असं वाटतं, पण प्रत्यक्षात विश्वास एका कंपनीवर असतो. टोकियोचं माउंट गॉक्स फेब्रुवारी २०१४ मध्ये बंद पडलं, सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब. कॅनडाच्या क्वाड्रिगासीएक्सचा संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या जयपूरमध्ये वारला, आणि ग्राहकांच्या पैशाच्या किल्ल्या त्याच्याबरोबर गेल्या असं जाहीर झालं. ओंटारियोच्या नियामकाने तपास केला तेव्हा कळलं की पैसे त्याने आधीच उडवले होते. एफटीएक्स या एक्सचेंजच्या सॅम बँकमन-फ्राइडला फसवणुकीबद्दल मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. आणि १८ जुलै २०२४ रोजी आपल्याकडच्या वझीरएक्सवर दरोडा पडला, सुमारे २३ कोटी डॉलर गेले. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने पुढे संयुक्त निवेदनात त्यामागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं म्हटलं. ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून राहिले आणि तोडगा सिंगापूरच्या कोर्टातून निघाला. ठेव विमा इथे लागू नाही.

एक्सचेंज निवडायचंच झालं, तर केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी आहे का ते बघा. मार्च २०२३ पासून ही एक्सचेंजेस मनी लाँडरिंग कायद्याच्या कक्षेत आणली गेली आहेत. नोंदणी म्हणजे हमी नव्हे, पण निदान पत्ता तरी असतो.

आणि ज्याला एक्सचेंजही म्हणता येणार नाही, असं काही नात्यातल्या माणसाकडून येतं तेव्हा जास्त जपा. ‘गेनबिटकॉइन’मध्ये दरमहा १० टक्के, अठरा महिने, असं आमिष होतं. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये मुख्य आरोपी अमित भारद्वाजला पकडलं. लोकांनी दिलेल्या बिटकॉइनच्या बदल्यात त्यांच्या हाती ‘एमकॅप’ नावाचं घरगुती नाणं टेकवलं गेलं होतं. आरोपी जानेवारी २०२२ मध्ये वारला. फेब्रुवारी २०२५ मध्येही सीबीआय या प्रकरणात पुणे, नांदेड, कोल्हापूरसह साठहून जास्त ठिकाणी छापे घालत होती. बहुतेकांना ही योजना ओळखीच्या माणसाने आणून दिलेली होती, हे मला सगळ्यात जास्त सलतं.

कराचा हिशेब, जो कोणी आधी करत नाही

बिटकॉइन, इथर, टेथर तिन्हींना आयकरात एकच नियम आहे, १ एप्रिल २०२२ पासून. नफ्यावर सरळ ३० टक्के, वर ४ टक्के उपकर. खर्च म्हणून फक्त खरेदीची किंमत वजा होते. विकताना १ टक्का टीडीएस, तो १ जुलै २०२२ पासून. आणि तोटा कशातूनही वळता होत नाही.

शेवटच्या वाक्यावर माझ्यासमोर माणसं गप्प होतात, म्हणून आकड्यांत सांगते. तुम्ही १ लाखाचं बिटकॉइन घेतलं, १ लाख ४० हजारांना विकलं. दुसऱ्या १ लाखाचं इथर घेतलं, ते ६० हजारांना विकलं. वर्षाअखेर हातात दोनाचे दोन लाख, कमाई शून्य. तरी बिटकॉइनच्या ४० हजार नफ्यावर कर १२,००० आणि उपकर ४८०, एकूण १२,४८० रुपये. इथरचा तोटा तिथे धरला जात नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. विक्रीवर कापलेले २,००० टीडीएस यातून वजा होतील, उरलेले १०,४८० तुम्ही पगारातून भरायचे. रोज खरेदी-विक्री करणाऱ्या मुलांची रिटर्न भरताना मला हेच चित्र पुन्हा पुन्हा दिसतं.

कायदेशीर आहे का, हेही विचारतात. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केलं. घेणं-विकणं गुन्हा नाही, पण हे चलन म्हणून मान्यही नाही. रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर टी. रबी शंकर यांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये तर ही नाणी पाँझी योजनांपेक्षाही वाईट असू शकतात आणि बंदी हाच योग्य पर्याय, असं म्हटलं होतं. मी त्यांच्याइतकी टोकाला जात नाही, पण नियामकाच्या घरात हवा कशी आहे ते यावरून कळतं.

मग काय करायचं

सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढे पैसे बाजूला नसतील, किंवा क्रेडिट कार्डाचं देणं डोक्यावर असेल, तर यातलं काहीच नको. लग्नासाठी, घराच्या डाउन पेमेंटसाठी जमवलेले असतील तरीही नको.

सगळं सुरळीत असेल आणि दहा वर्षं हात न लावण्याची तयारी असेल, तर बिटकॉइन, आणि तेही बचतीच्या शंभरातले दोन-तीन रुपये. ते पार बुडाले तरी घरात कोणाला कळू नये, इतकेच. एक नाणं दहा कोटी भागांत विभागता येतं, त्यामुळे पाचशे रुपयांचंही घेता येतं, ‘अख्खं परवडत नाही’ म्हणून दुसरं स्वस्त नाणं शोधायची गरज नाही. घेतलंत की त्याच दिवशी एका कागदावर लिहा: कोणत्या एक्सचेंजवर, कोणत्या ईमेलने, कोणत्या फोनवर. पासवर्ड लिहू नका, पण घरच्यांना कुठून सुरुवात करायची ते कळलं पाहिजे. खासगी वॉलेट असेल तर बारा शब्दांच्या दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी, आणि त्या कुठे आहेत हे किमान एका माणसाला माहीत हवं. त्या बाईंनी पतीचा फोन अजून टाकलेला नाही. अधूनमधून चार्ज करतात.

रोजच्या खर्चाला यूपीआय पुरेसं आहे. ई-रुपया दोन हजार भरून महिनाभर वापरून बघा, आवडला तर ठेवा. त्यात गमावण्यासारखं काही नाही.

आई-वडिलांसाठी विचारत असाल, तर त्यांच्यासाठी मी यातला एकच पर्याय सुचवते. माझ्या आईला यूपीआयपेक्षा ई-रुपया लवकर कळला, कारण अॅपमध्ये तिला नोटांची चित्रं दिसतात. पाचशेची, दोनशेची, दहाची. महिन्यातून दोनदा ती पंधराशे भरते आणि भाजी, फुलं, दूध त्यातून देते. पूर्वी पासबुक भरून आणलं की भाजीच्याच चाळीस ओळी असायच्या आणि त्यात पेन्शन कुठे जमा झालं ते सापडायचं नाही. आता महिन्याला दोन ओळी येतात. चष्मा लावून ती त्या दोन्हींवर पेनाने टिक करते आणि पासबुक परत कपाटात ठेवते.